चौदाशे वर्षांचे भय : योगपरंपरेतील काळ आणि अभय

आजच्या मराठीत ‘अभिनिवेश’ हा शब्द बहुधा वादविवादाच्या संदर्भात भेटतो. एखादा वक्ता अभिनिवेशाने बोलतो, एखाद्याच्या टीकालेखनात अभिनिवेश फार आहे, असे आपण म्हणतो. आपले म्हणणे काही केल्या न सोडण्याचा हट्ट, असा त्याचा अर्थ. योगसूत्रांत हाच शब्द मृत्यूच्या भयासाठी आला आहे, हे प्रथम वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पण शब्दाची घडण पाहिली की दुवा सापडतो. आत शिरून घट्ट ठाण मांडणे, हा त्याचा मूळ भाव. वादात माणूस आपल्या मताला चिकटून बसतो आणि जगताना आपल्या असण्याला.

पतंजलींनी सांगितलेल्या पाच क्लेशांत अविद्या, अस्मिता, राग आणि द्वेष यांच्यानंतर अभिनिवेश शेवटी येतो. त्याची व्याख्या करताना त्यांनी एक अशी गोष्ट नोंदवली आहे, की जी योगावरच्या लोकप्रिय पुस्तकांत सहसा सांगितली जात नाही. हे भय आपल्याच ओघाने वाहत असते आणि ते अडाण्याइतकेच विद्वानातही रुजलेले असते, असे सूत्र म्हणते. भाष्यकार त्याच्याही पुढे जातो. नुकत्याच जन्मलेल्या किड्यालाही मरणाचे भय असते. त्याने मरण पाहिलेले नाही, त्याचा तर्क केलेला नाही, कुणाकडून ऐकलेलेही नाही. मग हे भय आले कोठून? पूर्वजन्मी मरणाचा अनुभव घेतला असला पाहिजे, असा निष्कर्ष तो काढतो. पुनर्जन्माचा हा युक्तिवाद आज कुणाला पटो वा न पटो, त्याखालचे निरीक्षण पक्के आहे : हे भय शिकलेले नाही, म्हणून केवळ शिकण्याने ते जात नाही. सूत्र आणि भाष्य मिळून हा ग्रंथ इसवीसनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झाला, असे अलीकडचे बरेच अभ्यासक मानतात. मोक्षाची वाट दाखवायला निघालेल्या ग्रंथाने आरंभीच दिलेली ही कबुली मला फार मोलाची वाटते.

विद्वानालाही सुटत नाही असे हे भय असेल, तर योगाने त्याचे करायचे काय? परंपरेचा इतिहास पाहिला तर याला दोन अगदी वेगळी उत्तरे दिली गेली आहेत. एक असे, की ज्याचे भय वाटते तो काळच दूर सारा, लांबवा, जमल्यास चकवा. दुसरे असे, की भय ज्याला वाटते तो कोण, हे पाहा. ही उत्तरे ग्रंथांत शेजारी शेजारी नांदतात, कधी एकाच माणसाच्या लेखणीतून उतरतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक पुसट होतो. महाराष्ट्राने मात्र तो एका गोष्टीत बांधून ठेवला आहे. ती गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तिच्यातला वाद मात्र आपल्या लक्षात येत नाही.

दुसरे उत्तर जुने आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात सृष्टीच्या आरंभीचा पुरुष एकटा असतो आणि घाबरतो. मग तो विचार करतो, की माझ्यावाचून दुसरे काही नाहीच, तर मी भितो कशाला? आणि त्याचे भय जाते. भयासाठी दुसरा कुणीतरी लागतो, असा त्यावरचा निष्कर्ष. याच उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला तू अभयाला पोचलास असे सांगतो. म्हणजे अभय हा तिथे धाडसाचा प्रकार नाही. शूर माणूस भय असताना पुढे जातो. उपनिषदातल्या अभयात भ्यायला कुणी उरत नाही.

पतंजली या दोन टोकांच्या मध्ये उभे आहेत. चित्त विखुरले की त्याच्याबरोबर काय काय येते याची एक लहानशी यादी पहिल्या पादात आहे : दुःख, खिन्नता, अंगाचा कंप, आणि ताल चुकलेले श्वास-उच्छ्वास. ‘अंगमेजयत्व’ हा तिथला शब्द. भ्यालेल्या माणसाचे यापेक्षा नेमके वर्णन क्वचित सापडेल. सूत्रात भय हा शब्द नाही हे खरे; पण थरथरणारे हातपाय आणि विस्कटलेला श्वास ही खूण कुणालाही ओळखू येईल. त्याच पादात पुढे श्वास सावकाश बाहेर सोडून तो धरण्याचा उपाय एक पर्याय म्हणून येतो. दुसऱ्या पादात उपायांची उतरंड आहे. तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान यांनी क्लेश ‘तनु’, म्हणजे पातळ होतात. त्यांचे उघड आविष्कार ध्यानाने आवरतात. सूक्ष्म मूळ मात्र चित्त आपल्या उगमात परत विरते तेव्हाच जाते. त्याला ‘प्रतिप्रसव’ म्हटले आहे, जणू जन्माची उलटी वाट. पातळ करणे आणि उपटणे या दोन क्रिया पतंजलींनी वेगळ्या ठेवल्या आहेत. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

तिसऱ्या पादात मात्र एक वेगळेच दार किलकिले होते. कर्मावर संयम केल्याने, किंवा अरिष्टे, म्हणजे मृत्यूची पूर्वचिन्हे, ओळखल्याने मरणाची वेळ कळते, असे तिथे सांगितले आहे. वेळ कळली की माणूस दोन गोष्टी करू शकतो : तयारी, किंवा पळवाट.

हठयोगाच्या ग्रंथांनी या पळवाटेचा राजमार्ग केला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. हठाची मूळ तंत्रे सांगणारा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ अकराव्या शतकाच्या सुमाराचा ‘अमृतसिद्धि’. तो बौद्ध वज्रयानी वर्तुळात रचला गेला असावा, असे त्याच्या अभ्यासकांचे मत आहे. त्यातली शरीराची कल्पना थोडक्यात अशी : मस्तकातल्या चंद्रातून अमृत खाली ठिबकते, खालचा सूर्य ते गिळतो, आणि म्हणून माणूस म्हातारा होऊन मरतो. मग मुद्रा, बंध, श्वास कोंडणे, शरीर उलटे करणे, हे सारे ती गळती थांबवण्यासाठी. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’च्या आरंभी मत्स्येंद्र, गोरक्ष आदी सिद्धांची लांबलचक नामावळी आहे, या सर्वांनी काळाचा दंड मोडला आणि ते ब्रह्मांडात हिंडत आहेत, असे ग्रंथ सांगतो. दुसऱ्या उपदेशात तर कबुली आणखी स्पष्ट आहे. ब्रह्मादिक देवसुद्धा मृत्यूच्या भयाने प्राणायामाला लागले, म्हणून आपणही लागावे! तिसऱ्यात रोज प्रहरभर विपरीतकरणी करणाऱ्याला काळावर जय मिळेल, असे आश्वासन आहे. या साऱ्याचे टोक म्हणजे ‘कालवंचन’. मृत्यूची घटका जवळ आली की योग्याने प्राण मस्तकात चढवून ठेवायचा, काळ येऊन रिकाम्या हाताने परत जाईपर्यंत थांबायचे, आणि मग पुन्हा शरीरात उतरायचे.

आता चांगदेवांची गोष्ट आठवावी. तापीकाठचे हे योगी चौदाशे वर्षे जगले असे चरित्रे सांगतात. दर वेळी मृत्यू आला की ते प्राण ब्रह्मांडात नेऊन बसत आणि वेळ टळली की खाली येत. म्हणजे हे वर्णन लोककथेच्या अंगाने वाढले असले तरी त्याचा सांगाडा योगग्रंथांतल्या कालवंचनाचाच आहे. गोष्ट रचणाऱ्यांना हठयोग्यांचा दावा नेमका ठाऊक होता.

ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून चांगदेव पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडकले. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने ते थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाने ते पोर. (चिरंजीव या शब्दाला खरे तर तिथे एकच हक्कदार होता, आणि तो पत्र लिहीत होता.) शेवटी कोराच कागद गेला. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, ती ‘चांगदेव पासष्टी’.

पासष्टी वाचताना एक गोष्ट जाणवते. तिच्यात आयुष्य, सिद्धी, काळ यांच्याविषयी वाद घातलेला नाही. चांगदेवांच्या चौदा शतकांना ज्ञानदेव खोडत नाहीत, हिणवत नाहीत. ते आरसा आणि मुख, सोने आणि दागिना अशा दृष्टांतांनी पाहणारा आणि पाहिले जाणारे एकच कसे, हे सांगतात. तुझ्या भेटीची ओढ आहे, पण भेटायला दोघे लागतात, आणि इथे तर दोघे नाहीतच, असा संकोचही त्यात आहे. बृहदारण्यकातल्या एकट्या पुरुषाशी याचे नाते उघड आहे. ‘दुसरा’ नाहीसा झाला की ज्याला चुकवायचे तो काळही उरत नाही. चांगदेवांना पत्रातून मिळाले ते हे उत्तर.

पुढचा प्रसंग सर्वांना पाठ आहे : वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन चांगदेव आले, आणि ही भावंडे बसल्या भिंतीसह सामोरी गेली. वाघावर बसणारा आणि भिंत चालवणारा या जोडीच्या कथा सूफी संतांच्या आख्यायिकांतही जागोजाग आहेत. सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. तेव्हा आळंदीच्या भिंतीतून इतिहास काढू नये. पण प्रत्येक ठिकाणी अशी कथा का सांगितली गेली हे विचारावे. आपल्याकडे तिला एक जास्तीचा पदर आहे, तो वाघाचा. संतचरित्रांनुसार या कुटुंबाची योगाशी गाठ पडली तीच वाघामुळे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू असताना वाघ आला, सगळे जीव घेऊन पळाले, आणि बाल निवृत्ती चुकून गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. नाथपंथाचा उपदेश या घराण्यात भयाच्या दाराने आला. आणि हठप्रदीपिका श्वासाची तुलना कशाशी करते? सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसा प्राण वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारील, असा तिचा इशारा आहे. चांगदेवांनी वाघ वश केला होता यात शंका नाही. चौदाशे वर्षे दर घटकेला काळ कधी येतो याकडे डोळे लावून बसलेला माणूस निर्भय होता का, हा प्रश्न मात्र गोष्ट आपल्यापुढे ठेवते. माझ्या मते मराठी परंपरेने त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. काळाला सर्वांत जास्त वेळा हरवणारा तोच त्याला सर्वांत जास्त भ्यालेला.

याचा अर्थ ज्ञानदेवांना हठ त्याज्य होता असा काढणे चुकीचे होईल. ते स्वतः नाथपरंपरेतले, शके १२१२ (इ. स. १२९०) मधल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी ती गुरुमालिका त्यांनी सांगितली आहे. सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन आहे तसे मूळ गीतेत काहीच नाही. शरीर आतून आटते आणि पुन्हा नवे उभे राहते, म्हातारपण ओसरते, नवी नखे आणि हिऱ्यांच्या ओळीसारखे नवे दात येतात. हा सारा अमृतसिद्धीच्या कुळातला माल आहे, आणि त्याला ते नाथांचा संकेत म्हणतात. पण त्यांच्या मांडणीत हे नवे शरीर मुक्काम नाही. ते पुढे सूक्ष्मात आणि शेवटी शून्यापलीकडे विरते.

भयाविषयी ते खरे बोलतात सोळाव्या अध्यायात, दैवी संपत्तीतला पहिला गुण ‘अभय’ याचे विवरण करताना. आधी अगदी घरगुती दाखले येतात. पुरात उडीच न घालणाऱ्याला बुडण्याची धास्ती नसते, पथ्याने राहणाऱ्याच्या घरी रोगाची मोजदाद नसते. हे चुकवण्याचे अभय झाले, आणि त्यालाही ते नाकारत नाहीत. कर्म करताना अहंकार उठू न देणे हे त्यांच्या लेखी असेच पथ्य आहे. मग दाखला बदलतो. पाणी मिठाला बुडवायला येते तोच मीठ स्वतः पाणी होऊन जाते. आता बुडवायचे कुणाला? काही ओळींत ज्ञानदेव एका उत्तराकडून दुसऱ्याकडे गेले आहेत, आणि मधे कुठे सांधा दिसत नाही.

शके १२१८ (इ. स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, एकविसाव्या वर्षी, त्यांनी आळंदीला समाधी घेतली. चौदाशे आणि एकवीस हे दोन आकडे शेजारी मांडण्याचे काम कथाकारांनी आपल्यावर सोपवले आहे. चांगदेवांनी पुढे मुक्ताबाईला गुरू केले.

विसाव्या शतकात योग पुन्हा मांडला गेला तेव्हा त्यातून मृत्यू हा विषय जवळजवळ गळून पडला. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ सुरू केले. क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौली तपासल्या, आसनांत रक्तदाब मोजला, नौलीत मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या पोकळीला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. ज्या विपरीतकरणीने काळ जिंकायचा, तिच्यात रक्तदाब किती होतो, हा प्रश्न झाला. हा फार मोठा पालट आहे, आणि तो प्रामाणिक होता. जे मोजता येईल तेवढेच सांगायचे, अशी त्यामागची शिस्त. त्याच संस्थेने पुढे, १९७० साली, हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्तीही काढली.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्यात आले आणि इथलेच झाले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांचा जन्म. बालपण आजारांत गेले. त्यांच्या पद्धतीत भीती वर्गातच भेटते. उलटे होताना पडण्याची, मागे वाकताना पाठ मोडण्याची. त्यावर त्यांनी दोर, लोड, खुर्च्या आणि भिंत आणली. आधी भिंतीला टेकून, मग भिंतीपासून वीतभर दूर, मग मोकळ्यात. वाघ हळूहळू वश करण्याचाच हा प्रकार. अशा सरावाने भयाची शरीरातली पकड सैल होते, याला आता आधारही आहेत. बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आघातानंतरच्या दीर्घ मनोविकाराने ग्रासलेल्या आणि इतर उपचारांना दाद न दिलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी त्या निदानाच्या निकषांबाहेर आल्या. दुसऱ्या गटात २९ पैकी ६.

पतंजलींच्या भाषेत हे क्लेश तनु करणे आहे, आणि ते थोडके नव्हे. अडचण होते ती पातळ करण्याला उपटणे म्हटल्यावर. योगाने भय समूळ जाते असे आज सर्रास सांगितले जाते. मग वर्षानुवर्षे आसने करणारा एखादा माणूस तपासणीच्या अहवालाची वाट पाहताना रात्रभर जागतो आणि आपली साधनाच खोटी, असे मनाशी ठरवून बसतो. दुसऱ्या पादातला तो विद्वान त्याला कुणी दाखवलेला नसतो.

मूळ उपटण्याची वाटही याच काळात चालू होती, पण ती प्रयोगशाळेतून किंवा सतरंजीवरून गेली नाही. १८९६ च्या जुलैत मदुराईला काकांच्या घरी सोळा वर्षांच्या वेंकटरमणाला, काही आजार नसताना, आपण आता मरणार अशा भीतीने घेरले. त्याने कुणाला हाक मारली नाही. तो प्रेतासारखा ताठ पडला, ओठ मिटले, आणि शरीर मेले तर मी मरतो का, हे पाहू लागला. योगाचे कसलेही शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. पुढे तो रमण महर्षी म्हणून ओळखला गेला.

आणि नाथांची एक शाखा तर आपल्या मुंबईतच पोचली होती. रेवणनाथांशी नाते सांगणाऱ्या इंचगिरी संप्रदायात दोन वाटा सांगतात : पिपीलिका आणि विहंगम, म्हणजे मुंगीची आणि पाखराची. दीर्घ ध्यानाची पहिली, विवेकाची दुसरी. सिद्धरामेश्वर महाराजांनी दुसरीवर भर दिला. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज, मूळचे मारुती शिवरामपंत कांबळी, विडीचे दुकान चालवत आणि खेतवाडीतल्या माळ्यावर मराठीत बोलत. मॉरिस फ्रिडमन यांनी ती संभाषणे इंग्रजीत आणली, १९७३ साली. अखेरच्या काळात महाराजांना घशाचा कर्करोग झाला. सप्टेंबर १९८१ मध्ये ते गेले. त्याआधीच्या महिन्यांतल्या बैठकाही छापल्या गेल्या आहेत. त्यांत आजाराचा विषय पुन्हा पुन्हा निघतो. जे जन्माला आले त्याला हा आजार झाला आहे, असा त्यांचा सूर असे. वेदना होत नाहीत, असे मात्र ते म्हणाले नाहीत.